जोडलेली पानं

भगवंतराव : इथून पुढे पान उघडतच नाही, बाई. कडा जोडलेल्या आहेत. छापखान्यातून आलं तसंच आहे.

गोदाबाई : निंबाचा पाला अडकला असन मधात. पाऊस सरला की घालून ठेवतो आमी, कसर लागू नये म्हणून.

भगवंतराव : पाला नव्हे. मोठा कागद घड्या घालून शिवलेला असतो. कडेनं सुरी फिरवावी तेव्हा पानं सुटी होतात. पहिलं पुस्तक दिलं तेव्हा मीच तुला करून दाखवलं होतं. यात निम्म्यापर्यंत सुरी फिरली आहे. पुढे नाही.

गोदाबाई : कोणतं होय हे?

भगवंतराव : तेच. सरदाराच्या घरी वाढलेल्या पोरक्या मुलीचं. काल भाऊबीजेचं ओवाळून झाल्यावर तू त्याचा शेवट सांगितलास. ती मुलगी खिडकीत वाट पाहून पाहून मरते आणि दुसऱ्या दिवशी चिठ्ठी येते. मी म्हणालो, असा शेवट नाही. ती मरत नाही, लग्न होऊन जाते. तुला राग आला.

गोदाबाई : येणार नाही त काय? शेजारच्या पंजाबरावाची बायको बसली होती, तिच्या दोघी जावा बसल्या होत्या. अख्ख्या गल्लीत मी एकटी पुस्तकवाली बाई. अन् माहा सख्खा भाऊ चार बायांच्या म्होरं म्हणते, हे पुस्तकात नाही.

भगवंतराव : म्हणून तर सकाळी उठून पाहायला घेतलं. म्हटलं, आपलीच आठवण चुकली असेल. मास्तरकी सोडूनही आता दोन वर्षं झाली, सगळं कुठे लक्षात राहतं.

गोदाबाई : आण इकडे. माह्या हातात दे.

भगवंतराव : हे घे. कडेवरून बोट फिरव. आधी सुरुवातीची पानं.

गोदाबाई : सुटी हायेत. केसासारखी सुटतात.

भगवंतराव : आता मधून पुढे.

गोदाबाई : हे त गठ्ठ्यासारखं लागते. बोट आत जात नाही.

भगवंतराव : शेवटपर्यंत तसंच आहे.

गोदाबाई : दुसरं दे. काशीयात्रेचं दे.

भगवंतराव : हे काशीयात्रेचं.

गोदाबाई : याचंही मधातूनच. मोत्याच्या व्यापाऱ्याचं दे. ते पातळ आहे, खाली असन.

भगवंतराव : बाई, मी सगळी पाहिली. पहिली पाच पुस्तकं अथपासून इतिपर्यंत कापलेली आहेत. त्यापुढची नऊ निम्मी. उरलेली बारा कोरीच. ती तुमची वाचायची राहिली आहेत म्हणालीस, ते समजलं. पण ही नऊ?

गोदाबाई : ही नऊ मी आयकली, भगवंता. या कानानं आयकली. पाच पुस्तकाले चार वर्सं लागली होती अन् ही नऊ दोन वर्सात झाली. मी म्हणो, आता पोरीचा हात बसला. माह्या मालकालेही सांगितलं, वच्छला आता झरझर वाचते. वच्छला. ओ वच्छला.

वच्छला : आली. कणीक भिजवून राहिली होती. मामाजींची गाडी दुपारची आहे ना. बडनेऱ्याले बदलावी लागन, म्हणून शिदोरी बांधून देते.

गोदाबाई : कणीक राहू दे. इथं बस. या पुस्तकाचा शेवट सांग मले.

वच्छला : सांगितला होता ना. मरते ती.

गोदाबाई : कोणत्या पानावर मरते?

वच्छला : पान नाही सांगता येणार.

गोदाबाई : काहून?

वच्छला : पुस्तक मामाजींच्या हातात आहे, पेटी उघडी आहे अन् किल्ली तुमच्या कमरेले नाही. म्हणजे तुमाले समजलं आहे. मंग मले काहून विचारता?

भगवंतराव : सूनबाई, सरळ उत्तर दे. तू ही पुस्तकं अर्धी वाचून ठेवून दिलीस?

वच्छला : हो, मामाजी.

भगवंतराव : आणि शेवट?

वच्छला : माह्या मनानं सांगितले.

गोदाबाई : खोटी आहे ही. सुरीचा आवाज मी रोज आयको. करकर करकर कापे अन् मंग वाचे. शेवटच्या पानापर्यंत कापे.

वच्छला : जुनं पंचांग मांडीवर घेऊन बसत होती मी. त्याच्या कडा कापो. दोन वर्सांत चार पंचांगं संपली.

गोदाबाई : आयक भगवंता, आयक. माह्या घरात बसून, माही भाकर खाऊन. मी आंधळी इथं खांबाले टेकून बसो, हात जोडून आयको. अन् ही पंचांग कापे.

भगवंतराव : हात जोडून?

गोदाबाई : मंग काय. पुस्तक आहे ते. अक्षर आहे. मी कधी अक्षराच्या कागदावर पाय देल्ला नाही. वाण्याच्या पुडीचा कागद बी मी चुलीत घातला नाही कधी, वच्छलाले विचार. पंतोजी सांगत, अक्षर जाळलं की सात जन्म मुका होते माणूस. तुले कडेवर घेऊन त्या पंतोजीच्या ओट्याखाली उभी राहो मी. दुसरं बुक झालं अन् बाबानं मले काढलं, की भगवंता रांगाले लागला, त्याच्यामागं कोण फिरन. तू शाळेत गेला अन् मी चुलीपाशी गेली.

भगवंतराव : ते मी विसरलेलो नाही. म्हणून तर दर भाऊबीजेला ताटात लुगडं न घालता पुस्तक घातलं. सव्वीस वर्षं.

गोदाबाई : अन् त्यातली वीस वर्सं मी ते वाचाचं ठेवलं. सासू होती तवर तिनं पेटी उघडू देल्ली नाही. म्हणे, बाईनं वाचलं की घरात अवदसा येते. मी म्हटलं, ठीक आहे. बुढी जाईन, सून येईन, चूल तिच्या हाती देईन, मंग मी ओसरीत बसून एक एक पुस्तक काढीन. बुढी गेली. सून आली. अन् डोळ्यात धुकं आलं.

भगवंतराव : तेव्हा मी सांगितलं होतं की मोतीबिंदू पिकू दे, मिशनच्या दवाखान्यात नेतो. तू थांबली नाहीस.

गोदाबाई : किती थांबू? वैदू दारात आला. म्हणे, सुईनं पडदा सारतो, आठ दिवसांत सुईत दोरा ओवशीन.

वच्छला : एक डोळा गेला तरी दुसरा देल्ला त्याले. मी म्हटलं होतं, आत्याबाई, नोका.

गोदाबाई : तू गप. मले पुस्तकं वाचाची होती.

भगवंतराव : सूनबाई, तुला याची लाज वाटली नाही? आंधळ्या म्हाताऱ्या बाईची एवढी एकच इच्छा. दुपारी दोन तास वाचायचं. त्यातही अशी चोरी. का केलंस असं? तुला वाचायचा कंटाळा होता का?

वच्छला : कंटाळा नव्हता.

भगवंतराव : नसणारच. सातवी पास झालेली मुलगी तू. तुझ्या हुशारीचं मला कौतुक होतं. देवीदास मानमोडीच्या साथीत गेला, तेव्हा तुझं पुढे काय म्हणून मी स्वतः खटपट केली. अमरावतीच्या मास्तरणींच्या ट्रेनिंग शाळेचा अर्ज मी आणला, मी भरला, तुझी सही घेतली. विधवा मुलींना तिथे राहायची जागा होती. नंतर तूच नाही म्हणालीस.

वच्छला : मी नाही म्हटलं?

भगवंतराव : म्हणालीस ना. पुढच्या भाऊबीजेला आलो तेव्हा बाईनं सांगितलं, सून नाही म्हणते, घर सोडवत नाही तिला. मी म्हणालो, एकदा तिच्याशी बोलतो. तर म्हणाली, बोलू नको, अजून रडते, छेडू नको. मीही मग विषय काढला नाही.

वच्छला : आत्याबाई, मामाजी काय म्हणून राहिले, आयकलं का?

गोदाबाई : जुनी गोष्ट आहे. आता काय तिचं.

वच्छला : मामाजी, पेटीत सगळ्यांत खाली एक जाड पुस्तक आहे. हिरव्या पुठ्ठ्याचं. काढा ते.

भगवंतराव : हे? हे तर मी मानमोडीच्या वर्षी दिलेलं.

वच्छला : त्याच्या मधातली घडी दोन बोटांनी फाकवा. पान कापलेलं नाही, म्हणून पाकिटासारखं झालं आहे. आत कागद आहे.

गोदाबाई : भगवंता, ठेव ते.

भगवंतराव : आहे कागद. शाळेचा शिक्का आहे.

गोदाबाई : ठेव म्हटलं ना.

वच्छला : वाचा, मामाजी. मोठ्यानं वाचा. आत्याबाईंले त्यात काय लिहिलं ते आजवर माहीत नाही. टपालवाल्यानं हाती देल्ला, शाळेचा आहे म्हणून सांगितलं. पुढचं त्यांनी न वाचताच समजून घेतलं.

भगवंतराव : ...अर्ज मंजूर झाला आहे. जून महिन्याच्या पंधरा तारखेच्या आत शाळेत हजर राहावे. सोबत वय पंचविसाच्या आत असल्याचा दाखला आणावा. राहण्याची व जेवणाची सोय शाळेकडून होईल. बाई, हे काय आहे?

गोदाबाई : जेवणाचीही सोय होती काय?

भगवंतराव : मी काय विचारतो?

गोदाबाई : काय विचारतं? डोळ्यानं दिसून राहिलं ना तुले. लपवला मी. जाळला नाही. चूल पेटलेली होती, हातात कागद होता. पण अक्षर होतं त्याच्यावर. हात नाही धजला. म्हटलं, तवाच्या सगळ्यांत शेवटच्या पुस्तकात घालून ठेवते. सालाच्या क्रमानं वाचतो आमी. ते पुस्तक निघन तवर मी राहत नाही, अन् राहिली तरी तवर ही बुढी होऊन जाईन.

वच्छला : हिशेब बरोबर होता त्यांचा. फक्त दोन सालाखाली पावसाळा सरता सरता मामीजी आजारी पडल्या, अन् आत्याबाई तुमच्याकडे अमरावतीले पंधरा दिवस राहिल्या. पुस्तकांले ऊन दाखवायचं काम दरसाल त्या स्वतः करत. मले पेटीपाशी येऊ देत नव्हत्या. त्या वर्सी मालकांपाशी किल्ली ठेवून गेल्या. मी निंबाचा पाला घालून राहिली होती. कागदाचं टोक दिसलं.

भगवंतराव : तेव्हा मला एक कार्ड टाकायचं होतंस. मी धावत आलो असतो.

वच्छला : कागद आला तवा मी बावीस वर्सांची होती. हाती लागला तवा सव्वीस. पंचविसाच्या आत लिहिलं आहे, मामाजी. तुमीच वाचलं आत्ता.

भगवंतराव : एका वर्षानं.

वच्छला : एका वर्सानं.

गोदाबाई : देवाची मर्जी होती ती.

वच्छला : देवाची नव्हती. तुमीच म्हणायच्या, कागद येईन तवा येईन, मामाजीले छेडू नको. अन् त्याच्याही आधीचं सांगते. देवीदास गेले, त्याच्या दुसऱ्या साली माहा भाऊ चंद्रभान मुर्तिजापूरचं स्थळ घेऊन आला होता. आमच्यात मोहतूर लावतात, दुसरं घर करता येते. माणूस बरा होता, दोन लेकरं होती त्याले. मी चंद्रभानले काय म्हटलं, मामाजी? म्हटलं, दादा, शाळेचा कागद येणार आहे. मी वाट पाहून राहिली. आत्याबाई शेजारी बसल्या होत्या. कागद तवा पेटीत होता. त्यांनी चंद्रभानले चहा देल्ला अन् गाडीत बसवून देल्लं.

गोदाबाई : मी काय त्याले हाकललं होतं? तू नाही म्हटलं.

वच्छला : हो. मीच म्हटलं.

भगवंतराव : बाई, तू माणूस आहेस का कोण आहेस?

गोदाबाई : तुले बोलाले काय जाते? तू शिकला. तुह्या घरी अलमारी आहे, चष्मा आहे, वर्तमानपत्र येते. मी काय मागितलं होतं? तू गेली असती, वच्छला, त मले कोणं वाचून देल्लं असतं? मालकाले सातबारा वाचता येत नाही. पंजाबरावाच्या सुना कुंकवाची पुडी उलटी धरतात. अकोल्यात माह्या घरी येऊन रोज दोन तास वाचन अशी बाई दाखव मले. तुले मी सून काहून करून आणली, माहीत आहे?

वच्छला : माहीत आहे.

गोदाबाई : काळी होती तू. उंच होती, दारातून वाकून या लागे. देवीदासले पसंत नव्हती. मी म्हटलं, हीच पायजे. सात बुकं शिकलेली आहे.

वच्छला : त्यांनीच सांगितलं होतं मले. तापात पडले होते तवा. म्हणाले, आईनं तुले माह्यासाठी नाही, पेटीसाठी आणलं. अन् हसले. मंग दोन दिवसांनी गेले. अन् तेराव्या दिवशी पाहुणे उठून गेल्यावर तुमी कमरेची किल्ली काढली, पेटी उघडली अन् पहिलं पुस्तक माह्या मांडीवर ठेवलं. म्हटलं, वाच पोरी, मन रमन. कोणाचं मन, आत्याबाई?

गोदाबाई : माहा लेक गेला होता. मले काही वाटलं नसन?

वच्छला : वाटलं असन. पण तुमी त्या दिवशी एकदाही थांबवलं नाही. मी डोळे पुसाले लागली, की म्हणायच्या, मंग? मंग काय झालं?

भगवंतराव : पुरे आता दोघींचं. सूनबाई, झालं ते फार वाईट झालं. मी बाईची बाजू घेत नाही. पण तू तोंडावर भांडली असतीस तर मला समजलं असतं. दोन वर्षं गप्प बसून, हसून, रोज खोटं वाचायचं, हे काय?

वच्छला : पूर्ण खोटं नाही. अर्धं खरं. मधात येईपर्यंत माणसं ओळखीची होत. कोण कोणाचं काय लागते, कोणाले काय पायजे, ते आत्याबाईंच्या जिवाले लागे. तिथं मी थांबो अन् पुढं माह्या मनानं सांगो.

गोदाबाई : सगळ्याच पुस्तकात शेवटी चिठ्ठी येई, भगवंता.

भगवंतराव : काय?

गोदाबाई : नऊच्या नऊ पुस्तकात. काशीयात्रेचा माणूस घरी परत येते, तवा बायको मेलेली असते, अन् तिच्या उशाखाली त्याची न वाचलेली चिठ्ठी निघते. मोत्याच्या व्यापाऱ्याची चिठ्ठी त्याचा भाऊ दाबून ठेवते. वैद्याच्या पोरीचीही तीच गत. सरदाराच्या घरच्या पोरीची काल तुले सांगितलीच. कोणीतरी चिठ्ठी दाबते, अन् मंग ते माणूस तडफडून मरते. कधी ज्यानं दाबली तो मरते. त्याच्या अंगात किडे पडतात. ते त किती सावकाश वाचे ही.

भगवंतराव : आणि तुला शंका आली नाही?

गोदाबाई : हिची नाही आली. मले वाटे, देव बोलून राहिला. पुस्तक छापणाराले काय माहीत माह्या पेटीत काय आहे? एक पुस्तक झालं, दोन झाले, तिसऱ्यात पुन्हा चिठ्ठी. मी मालकाच्या मागं लागून रिद्धपूरच्या देवाले जाऊन आली. एक वेळ जेवाचा नेम धरला. वर्स झालं, रात्री अन्न नाही माह्या पोटात.

वच्छला : माहीत आहे. मीच ताट वाढते ना.

गोदाबाई : अन् तुले काही वाटलं नाही?

वच्छला : वाटे. वाटे, आज आत्याबाई सांगतीन. पुस्तक मिटलं की मी थोडा वेळ तशीच बसून राहो. मनात म्हणो, आता त्या बोलतीन. वच्छला, असं असं झालं, चुकली मी. तुमी विचारायच्या, उद्या कोणतं काढाचं?

गोदाबाई : सांगितलं असतं त काय केलं असतं तू?

वच्छला : शेवट वाचून देल्ला असता.

भगवंतराव : मग आता सांगून झालं आहे. कागदही बाहेर आला आहे. सूनबाई, तुला अमरावतीला यायचं असेल तर चल. माझ्या घरी राहा. ट्रेनिंगचं वय गेलं, पण गल्लीतल्या मुलींना शिकवशील, शिवण करशील.

वच्छला : तुमच्या घरी कोणाच्या नावानं राहू, मामाजी? मामीजी परवानगी देतीन? तुमच्या दोघी सुना आहेत.

भगवंतराव : ते... घरात विचारावं लागेल, हे खरं.

वच्छला : विचारू नका. मी इथंच बरी आहे.

गोदाबाई : ही कुठं जात नाही. तिशी आली, आता कोण घेते हिले. भगवंता, तू मले एक सांग. तुले पोरक्या पोरीचा शेवट ठाऊक आहे. बाकीच्याचे सांग. काशीयात्रेचा काय आहे?

भगवंतराव : ते मी वाचलेलं नाही.

गोदाबाई : मोत्याच्या व्यापाऱ्याचं?

भगवंतराव : नाही. बाई, खरं सांगायचं तर मी दोन-तीनच वाचली असतील. दुकानदाराला विचारायचो, बायकांना वाचायला चांगलं काय आहे. तो बांधून द्यायचा. शाळा, मुलं, शिकवण्या, कुठे वेळ होता.

गोदाबाई : अन् तू मले विचारे, दर भाऊबीजेले विचारे, कोणतं आवडलं बाई.

भगवंतराव : ते आपलं कौतुकानं.

वच्छला : म्हणजे या घरात त्यांचा शेवट कोणालेच माहीत नाही. मलेही नाही. आत्याबाईंचा नेमच होता, त्यांच्या आधी मी पुढचं पाहायचं नाही, शेवटाले डोळा लावायचा नाही. किल्ली कमरेले. पुस्तक हातात येई ते दुपारी दोन तास. शाळेचा कागद सापडल्यावर मी पानं कापली नाहीत, मंग मीही वाचली नाहीत. तो व्यापारी घरी पोहोचला का, मले अजून वाटते.

गोदाबाई : वाटते ना? मंग कापून वाच ना. माह्या बरोबर वाच. वच्छला, मी कोणाच्या पाया पडली नाही कधी. सासूच्याही नाही पडली मनानं. तुह्या पडते. नऊ शेवट अन् बारा पुस्तकं राहिली. किती दिवस आहे मी? मले खरं वाचून दे. जे छापलं आहे ते. मंग मले बोल, उपाशी ठेव, काही कर.

वच्छला : पाय सोडा.

गोदाबाई : तू हो म्हण.

भगवंतराव : सूनबाई, उठव तिला. मी एक तोड काढतो. सगळ्या संशयाचं मूळ ही जोडलेली पानं आहेत ना? तर आज, माझ्यासमोर, एकूण एक पुस्तक कापून मोकळं कर. नऊची राहिलेली आणि कोरी बाराही. पेटीला कुलूप नको. जोडलेलं पान नाही तर थांबायला निमित्त नाही. मी शाळेत असंच करायचो, पोरांनी धडे गाळू नयेत म्हणून सगळी पुस्तकं पहिल्याच दिवशी कापून घ्यायचो.

गोदाबाई : हो. कापून टाक. माह्या कानासमोर. अन् पंचांग नोको.

वच्छला : सगळी कापू?

भगवंतराव : शेवटच्या पानापर्यंत.

वच्छला : तुमी म्हणता तर कापते, मामाजी.

(वच्छला एकेक पुस्तक मांडीवर घेऊन सुरी फिरवू लागते. कागद करकरत सुटत जातो. कापसाच्या जिनाचा दुपारचा भोंगा वाजून थांबतो, तरी हात चालूच असतो; मध्ये एकदाच ती शिदोरी बांधायला उठते. गोदाबाई कापलेलं प्रत्येक पुस्तक हाती घेऊन कडेवरून बोट फिरवतात.)

भगवंतराव : बघ. किती मुकाट्यानं कापली तिनं. पोर वाईट नाही, बाई. दुखावलेली होती. बोलून मोकळी झाली.

गोदाबाई : सव्वीसची सव्वीस सुटी हायेत. मोजली मी.

भगवंतराव : चला, माझा टांगा आला. शिदोरी घेतली. सूनबाई, मग नीट वाचशील ना आता?

वच्छला : वाचीन, मामाजी.

भगवंतराव : तिच्या डोक्यावर हात ठेवून सांग.

वच्छला : हा ठेवला.

भगवंतराव : झालं तर. मला अगदी हलकं वाटलं. पुढल्या भाऊबीजेला येईन तेव्हा मोत्याच्या व्यापाऱ्याचा शेवट मलाच सांगा. येतो, बाई.

गोदाबाई : ये. सावकाश जाय. पुस्तक आणशीन ना पुढच्या वर्सी?

भगवंतराव : आणतो की.

गोदाबाई : गेला?

वच्छला : कोपऱ्यावरून वळला टांगा.

गोदाबाई : जेवण मागून करू. मालक दिवस बुडल्याशिवाय वावरातून येत नाही. तू बस. मोत्याच्या व्यापाऱ्याचं घे. जिथं थांबली होती तिथून.

वच्छला : घेतलं.

गोदाबाई : तो गलबतातून उतरला होता. बंदरावर त्याचा भाऊ उभा होता. तिथपर्यंत खरं होतं ना?

वच्छला : तिथपर्यंत खरं होतं.

गोदाबाई : मंग वाच.

वच्छला : 'भावानं त्याला मिठी मारली. दोघे घराकडे चालू लागले. वाटेत भाऊ काही बोलेना. घराचं दार आलं. व्यापाऱ्यानं उंबऱ्यावर पाय ठेवला, तोच भावाच्या अंगरख्यातून एक चिठ्ठी खाली पडली.'

गोदाबाई : वच्छला.

वच्छला : काय, आत्याबाई?

गोदाबाई : हे पुस्तकात आहे?

वच्छला : बोट फिरवून पाहा ना. पान सुटं आहे.